बारा दिवस मी जमाव होतो

मिठाच्या चळवळीच्या साली मी रत्नागिरीच्या कचेरीत उमेदवार कारकून होतो. उमेदवार म्हणजे काम सगळं करायचं, पण खुर्ची आपली म्हणायची नाही. अशी तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात हुकूम निघाला की गावातल्या भल्या माणसांतून चोवीस स्पेशल पोलीस नेमायचे. त्यांनी सकाळी शिकायचं, दिवसा आपापलं काम करायचं आणि गरज लागेल तेव्हा हजर व्हायचं. हेडक्लार्क मला बाजूला घेऊन म्हणाले, नाव दे, पावसाळ्याच्या आत कायम होशील. मी नाव दिलं. भला माणूस म्हणून सरकारने मला ओळखलं ते तेवढ्या एकदाच.

घरी सांगितलं तेव्हा वडील ओटीवर टकळी फिरवत होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. दम्याने त्यांना चार पावलं चालवत नसे, नाहीतर मीठ उकळायला पहिले तेच गेले असते. त्यांनी टकळी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि त्या घटकेपासून माझ्याशी बोलणं बंद केलं. पानावर मी समोर बसलेलो असताना आईला सांगायचे, त्याला ताक हवं का विचार. आई माझ्याकडे तोंड वळवून तेच पुन्हा विचारायची. मी तिला हो म्हणायचो आणि ती अण्णांना सांगायची, हवंय म्हणतो. ताकाची वाटी त्यांच्याच हाताशी असायची.

मला राग आला. तीन वर्षं खुर्चीवाचून मी काढली होती, अण्णांनी नव्हती. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं. शाळेत जायला लागल्यापासून दिवसभराचं सगळं मी संध्याकाळी त्यांना सांगत आलो होतो. आता परेडवरच्या एवढ्या गमती घडत होत्या आणि सांगायची सोय नव्हती. पंधरा दिवसांचं शिक्षण, मग कायमची नोकरी, मग त्यांची समजूत काढायची, असा मी हिशोब धरला. आई म्हणाली, समजूत निघणार नाही, तू त्यांना ओळखतोस.

शिक्षण पोलीस परेडच्या मैदानावर होतं, सकाळी सहा ते नऊ. आम्हांत कारकून होते, दोन मास्तर होते, एका डॉक्टरांचा कंपाउंडर होता आणि एक मिठाईवाला होता. शिकवायला घाटावरचे हवालदार. आमचे हेल ऐकून त्यांना हसू यायचं आणि त्यांचे निम्मे शब्द आमच्या डोक्यावरून जायचे. पहिले तीन दिवस त्यांनी आम्हाला उभं राहायला शिकवलं. उभं राहणं मला येतं असा माझा समज होता. मास्तरांपैकी एकाला डावा पाय कुठला ते तिसऱ्या दिवशी समजलं.

चौथ्या दिवसापासून जमाव पांगवणं सुरू झालं. त्याला जमाव पाहिजे, आणि तो दुसरा कुठला आणणार? लाठ्या आल्या होत्या बारा, माणसं चोवीस. उंच बाराजणांना लाठ्या दिल्या, ते पोलीस झाले. उरलेले बुटके आम्ही बाराजण जमाव. एका पोलिसाला एक ठरलेला माणूस उचलायला दिला. माझ्या वाट्याला कंपाउंडर आला. आठवड्याने बाजू बदलायच्या होत्या, पण लाठ्या ज्याच्या त्याच्या सहीने वहीत मांडल्या होत्या आणि वही बदलायला कोठीवरचा शिपाई तयार होईना. तेव्हा शेवटपर्यंत मी जमावच राहिलो.

नेम असा होता. आम्ही ओरडत यायचं. पहिल्या शिट्टीला पोलिसांनी रांग धरायची. दुसऱ्या शिट्टीला जमावाने मांडी घालून खाली बसायचं, कारण हल्लीचे जमाव बसतात, असं हवालदारांचं म्हणणं होतं. तिसऱ्या शिट्टीला पोलिसांनी आपापला माणूस उचलून आंब्याखाली नेऊन ठेवायचा. ज्या घोषणा बाजारात दिल्या तर आत टाकत, त्याच आमच्याकडून खच्चून देववून घ्यायचे. आवाज कमी पडला तर हवालदार म्हणायचे, जेवला न्हाईत व्हय. गावात तेवढी एकच जागा होती जिथे त्या घोषणा बिनधास्त देता येत. कुंपणाशी माणसं ऐकायला जमायची आणि चांगला आवाज लागला तर मान डोलवायची. कंपाउंडर मला काखेत धरून उचलायचा आणि मला गुदगुल्या व्हायच्या. तो कानात म्हणायचा, अंग सैल सोड रे, मला दवाखाना उघडायचाय.

सोळाव्या दिवशी भाट्याच्या वाळूत मीठ उकळणार अशी बातमी आली आणि आम्हाला बोलावणं झालं. खाडी ओलांडायची तर तरीवाला एकच. त्यामुळे मीठ उकळायला निघालेला खरा जमाव आणि आम्ही पोलीस एकाच होडीतून गेलो. माझ्या शेजारी एक म्हातारी मडकं मांडीवर घेऊन बसली होती. ती मला म्हणाली, तू कुणाचा रे, एवढ्या उन्हाचा आलास, गुणाचा तो. माझ्या दंडावर सरकारी पट्टा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तो सोडून खिशात घातला, म्हटलं उतरल्यावर बांधू. उतरल्यावर विसरलो.

वाळूत चुली पेटल्या होत्या आणि शेदोनशे माणसं घोषणा देत उभी होती. आम्ही समोर गेलो. हवालदारांनी पहिली शिट्टी मारली. लाठीवाल्यांनी रांग धरली. मग सवयीने त्यांनी दुसरी मारली आणि जमाव बसायची वाट बघत उभे राहिले. जमावातलं कोणी बसलं नाही. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. मी मात्र बसलो.

आमच्यातले बाकीचे अकरा नुसते वाकले आणि सावरले. मला सावरायला वेळ लागला, आणि तेवढ्यात लोकांनी मला बसलेला बघितलं. त्यांना वाटलं, आता बसायचं असं ठरलेलं दिसतं. म्हातारी आधी बसली, मग सगळी वाळूच बसली. तिसरी शिट्टी झाली. कंपाउंडर एवढ्या माणसांतून सरळ माझ्याकडे आला, कारण उचलायचा म्हणजे मलाच, एवढंच तो शिकला होता. त्याने मला नेऊन फौजदारांसमोर ठेवलं तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. हा आपलाच, असं तो सांगायला लागला, पण फौजदार बाहेरच्या तालुक्याचे, मला ओळखत नव्हते, आणि दंडावर पट्टा नव्हता. त्यांनी लिहिलं, जमावाला बसवणारा हाच.

रात्र कोठडीत गेली. सकाळी हवालदारांनी सगळा उलगडा केला आणि फौजदारांनी मला एक कागद आणि टाक दिला. म्हणाले, गैरसमजुतीने बसलो, एवढी एक ओळ लिहा आणि घरी जा. तुमचा कायमचा हुकूम कचेरीत तयार आहे. नाही लिहिलंत तर खटला चालेल आणि कचेरीतून नाव कमी होईल. दुपारपर्यंतची मुदत दिली. लिहायला काय लागत होतं? ओळ खरी होती. मी टाक बुडवला, तेवढ्यात शिपायाने येऊन सांगितलं, वडील आलेत.

अण्णा घरापासून चालत आले होते, हातात पेजेचं भांडं घेऊन. किती ठिकाणी थांबले असतील देव जाणे. छाती भात्यासारखी चालली होती. गजांना धरून ते उभे राहिले. मी कागद पाठीमागे धरला. मग दम बसल्यावर त्यांनी विचारलं,

"आपणहून बसलास?"

तीन आठवड्यांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले, आणि मध्ये आई नव्हती. मी होडीपासून सगळं खरं सांगणार होतो. त्यांना हसूसुद्धा आलं असतं, मग कदाचित पुन्हा बोलणं बंद झालं असतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते की तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"हो, अण्णा," मी म्हणालो.

"बरं केलंस," ते म्हणाले. "पेज ऊन आहे तोवर खा."

मी खाल्ली. मीठ कमी होतं, पण मी बोललो नाही. खाऊन होईपर्यंत ते समोर बसले होते आणि यंदा आंबा कसा आहे, कुठल्या कलमाला फळ धरलं नाही, असं सगळं मला सांगत होते. भांडं घेऊन ते गेले आणि मी कागद पुढे घेतला. खोटं एकाच शब्दाचं बोललो होतो, पण ते आता रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर खरं राहायला हवं होतं.

दुपारी फौजदार आले. त्यांनी कोरा कागद उलटा करून पाहिला, मग सुलटा करून पाहिला आणि विचारलं, लिहिता येत नाही का? मी म्हटलं, येतं.