शिंपल्यात उरलेला रंग

कुमुदताईंची माझी ओळख जयपूरच्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. बँकेने मला नुकतेच इकडे पाठवले होते. ताई मांडवाच्या पडद्यावर मोर रंगवत होत्या आणि मी बाजूला उभा राहून शाळेतली एक कविता गुणगुणत होतो. मान न वळवता त्या म्हणाल्या, "तिसरी ओळ गाळताय तुम्ही." मी फोन नंबर सांगू लागलो, तर म्हणाल्या, "पत्ता द्या. ओळ आठवली की कळवीन." आठवड्याभरात ती ओळ आंतर्देशीय पत्रातून आली. त्या आदर्श नगरात, मी शास्त्री नगरात. तेव्हापासून एकाच शहरात आमचा पत्रव्यवहार चालू आहे.

ताई लघुचित्रे शिकल्या त्या परकोट्यातल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका उस्तादांकडे. खारीच्या केसांची कुंचली, शिंपल्यात घोटलेला रंग. तो रंग वाया गेलेला त्यांना खपत नाही. पत्र त्या दुपारी शाईने लिहितात आणि माथ्यावर जागा कोरी ठेवतात. संध्याकाळी शिंपल्यात जो रंग उरेल, त्याने तिथे श्री काढतात. त्यामुळे दिवसभर काय रंगवले, ते श्रीवरून कळते.

माझी पत्नी मालती शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होती, तेव्हा मला काही वाचायचाही धीर होत नसे. ताई तिला एकामागून एक पत्रे पाठवत. निळी श्री दिसली की मालती म्हणे, "आज कृष्ण झाला वाटतं." हिरवी आली की, "झाडं." ती घरी परतली, त्यात डॉक्टरांइतकाच वाटा त्या रंगांचाही आहे, असे आम्ही दोघे मानतो.

आणि यंदा होळीनंतर एक पत्र आले. मी ते उघडले, तर माथा कोरा. आमच्या गावी श्री नसलेले पत्र एकाच बातमीचे असे. ते उंबऱ्याबाहेर वाचत आणि तिथेच फाडत. पुढचे अक्षर न वाचता मी घडी घातली. फोनला हात लावला, पण विचारणार काय? "ताई आहेत का?" हेच ना? मी रिक्षा केली. सगळ्या वाटेत पत्र खिशात दगडासारखे वाटत होते.

दार ताईंच्या सूनबाईंनी उघडले. "काका, असे घाबरलेले का? मतलब, सगळं ठीक ना?" मागून ताईंचा आवाज आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मी पत्र पुढे केले.

"अहो, अक्षर माझं आहे. मी गेले असते तर हे लिहिलं कोणी?"

"श्री नव्हती, ताई."

त्या जरा हसल्या. मग उजवा हात मांडीवरून उचलून समोर धरला. तो थरथरत होता. "चित्रच झालं नाही त्या दिवशी. मग रंग कुठला उरायला?"

घरी येऊन मी हे मालतीला सांगितले. वाटेत होती त्याहून ही भीती मोठी होती, आणि ती अजून गेलेली नाही. ताई मात्र आता डाव्या हाताने उजवे मनगट धरून बसतात. दिवसाकाठी एखादे पान, एखादे पीस रंगवतात. गेल्या पत्रावर वाकडी, शेवाळी श्री होती. हल्ली मी त्यांचे पत्र खालून उघडतो, सहीपासून वर वाचत जातो आणि माथ्याकडे अगदी शेवटी बघतो.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त चार शुभ शब्द लिहा, असे या अंकाच्या संपादकांनी कळवले. मी थोडे स्वार्थाने मागतो. कुमुदताईंना उदंड आयुष्य मिळो, त्यांच्या मनगटाला बळ मिळो. आणि रोज दिवेलागणीला त्यांच्या शिंपल्यात एका श्रीपुरता रंग उरो.