खारातलं पाणकणीस

आमच्या शेतात पाणकणीस पहिल्यांदा आलं तेव्हा त्याचं कौतुकच झालं. पुरुषभर उंच हिरवी पाती आणि काठीच्या टोकाला मखमली, तपकिरी कणीस. आईने ती कणसं आणून गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी माटवीला बांधली. आरती चालू असताना एक कणीस आपोआप फुटलं आणि त्यातला कापूस लोकांच्या डोक्यांवर, नैवेद्याच्या खिरीवर भुरभुरला. शेजारची काकी खिरीतून तो वेचत म्हणाली, "वैनी, तुमच्या गणपतीचे केस गळायला लागले गो." सगळे हसले. आईने कापूस केरसुणीने गोळा केला आणि मागीलदारी उधळून दिला. वारा खाराकडे वाहत होता. त्या कापसाच्या तंतूतंतूला बी असतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

खार म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली भातजमीन. आमचा जुना बांध मातीचा होता. उन्हाळ्यात शेतं रिकामी असली की उधाणाचं पाणी फटीफटींतून आत यायचं, कुणग्याकुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचराखाचरात पसरायचं आणि मिठाचा पांढरा पापुद्रा ठेवून जायचं. पावसाने तो धुतला की खाऱ्या जमिनीत तग धरणारं जाडं लाल भात पेरायचं. पुढे पक्का बांध आला आणि त्यातल्या पाणी सोडायच्या वाटेला, उघडीला, लोखंडी दार बसलं. भरतीला ते मिटतं, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतं. खारं पाणी कायमचं थांबलं. वरच्या कुणग्यांतून सुधारित भात डोलू लागलं.

पण आमचा कुणगा सगळ्यात खाली, दाराच्या उंबऱ्याहूनही खोल. कातळाखालच्या झऱ्याचं गोडं पाणी त्यात बारमाही साचून राहू लागलं. पाणकणसाला एवढंच हवं होतं. खोडं चिखलाखालून आडवी पळत आणि हातहातभर अंतरावर नवा कोंब काढत. दोन पावसाळ्यांत अर्धा कुणगा गेला. वडील मुंबईला गिरणीत. त्यांच्या पगाराचा भरवसा संपावर. घरचा तांदूळ यायचा तो या एका कुणग्यातून.

मी वाचायला शिकले ती वडिलांच्या ट्रंकेत अंथरलेल्या युनियनच्या पत्रकांवर. आमच्या फडताळातही वर्तमानपत्राऐवजी पत्रकंच असत, त्यामुळे जिऱ्या-मोहरीच्या डब्यांखालून मला कामगारांचे हक्क पाठ झाले. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, ही माझी समजूत तिथली आहे आणि ती मी सोडलेली नाही. तेव्हा कॉलेजात होते. एका मैत्रिणीच्या ओळखीने सायक्लोस्टाइल करून मी पत्रक काढलं: खालचा कुणगा बुडाला तर वरचाही वाचणार नाही, रविवारी कोयते घेऊन या. घरोघर वाटलं. लोकांनी वाचलं, अक्षर चांगलं आहे म्हणाले. रविवारी आई, मी आणि काकी, अशा तिघीच चिखलात उभ्या होतो.

"बाकीचे?" मी विचारलं.

"वाचतायत अजून," काकी म्हणाली.

आम्ही दिवसभर कापलं. भाद्रपदात ते पहिल्यापेक्षा दाट उभं होतं.

एक गोष्ट मात्र आईच्या लक्षात आली. जिथे कोयता पाण्याखालून फिरला होता तिथे चिखल मोकळा होता. तिने एक पात उपटून मोडली. आतून ती जाळीदार, पोकळ. तिने एक टोक बादलीत बुडवलं, दुसरं तोंडात धरून फुंकलं. बुडबुडे आले.

"नाक हाय हे," ती म्हणाली. "बुडवूया याला."

दुसरी गोष्ट मी पाहिली. लोखंडी दाराची एक कड झिजली होती आणि भरतीला तिथून खारं पाणी आत झिरपत होतं. ते पाणी पोचत होतं तेवढ्या पट्ट्यातलं पाणकणीस पिवळं, गुडघाभर. आमच्या दोघींचं बोलणं त्या रात्री चुलीपुढे एका जागी आलं: चैत्रात मुळाशी कापायचं, अमावास्येच्या उधाणाला दार उघडं ठेवायचं आणि वैशाखभर खारं पाणी उभं करायचं.

पण दार उघडलं की मीठ वरच्या कुणग्यांतही जाणार आणि तिथलं एक वर्षाचं भात कमी होणार. आमचं शेत वाचवायचं तर दुसऱ्यांनी सोसायला हवं होतं. मी गावकाराकडे गेले. त्यांना सगळे तात्या म्हणत. गावकीच्या कामाचा शब्द त्यांचा.

"तात्या, दुसरं पत्रक काढू?"

"काढ की. पयलं मी जपून ठेवलंय. झकास हाय." त्यांनी पान लावलं. "पण कागद वाचून माणूस मान हलवतो आनि घरी जातो. गाऱ्हाण्यात व्हय म्हटलं की त्याला यायला लागतं."

गाऱ्हाणं म्हणजे कामाआधी गावकाराने देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एकेक वाक्य झालं की जमलेले पुरुष 'व्हय महाराजा' म्हणतात. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की शेतीचा निर्णय देवावर सोडणं मला मान्य नाही, आणि बायकांनी चिखलात कोयते चालवायचे पण होकार पुरुषांनी द्यायचा, हे तर मुळीच नाही.

"देवावर कोण सोडतंय?" तात्या म्हणाले. "देव कापायला येनार हाय का? आनि तुज्या आयशीला म्हनावं, ये. मी कुनाला हाकलनार नाय."

चैत्रात एका सकाळी बांधावर नारळ ठेवला. पुरुष पुढे, बायका लांब, बांधाच्या उतरणीला. तात्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज लेकरं तुज्यापुढं उभी हायत…"

"व्हय महाराजा."

"खालच्या अंगाला जी रोगराई माजली हाय, ती मुळासकट जावंदे…"

"व्हय महाराजा."

"आनि खाऱ्या पान्यानं ज्याचं भात जाईल, त्याचं नुकसान सगळ्यांनी वाटून घेवंदे…"

वरच्या कुणग्यांचे मालक नारळाकडे बघत राहिले. उघडीच्या दारावर पाणी आपटत होतं.

"व्हय महाराजा," आई म्हणाली.

लांबून, पदर सावरून, पण ऐकू जाईल असं. दोन-चार माना मागे वळल्या. काकीने तिच्यामागून म्हटलं. मग काकीचा नवरा, कदाचित घरी जायचं होतं म्हणून, आणि मग सगळे. मी गप्प राहिले. माझं म्हणणं मी पत्रकात सहीनिशी मांडलं होतं. ते देवाला पुन्हा सांगायची गरज मला वाटली नाही, आजही वाटत नाही.

मात्र कापायला सगळा गाव आला. पाणकणीस मुळाशी गेलं. अमावास्येला दार मिटू नये म्हणून ओंडका लावला आणि खाडी जुन्या वाटेने आत आली. वैशाखात चिखल कुजल्याचा वास घरापर्यंत येत होता. पावसाने मीठ धुतलं तरी वरच्या कुणग्यांत भात विरळच आलं. आमच्या कुणग्यात आईने जाडं लाल भात पेरलं होतं. ते तगलं, आणि पुढच्या वर्षी भरगच्च आलं.

त्या वर्षी झोडणी झाल्यावर आई टोपल्या भरायला बसली. वरच्या कुणग्यांच्या मालकांसाठी.

"वर्ष झालं त्याला," मी म्हटलं. "ते विसरले असतील."

"मी म्हटलं होतं ना व्हय." तिने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि तिच्यावर टोपली. "तू नाय म्हटलंस, म्हनून तुला निस्तं उचलायचं काम."

पहिली टोपली काकीकडे उतरवली, तिचा कुणगाही वरचाच. तिने मूठभर भात हातात घेऊन पाहिलं, फुंकर मारली.

"कापूस नाय ना गो यात?" ती म्हणाली.

झऱ्याच्या तोंडाशी, जिथे खारं पाणी पोचत नाही, तिथे पाणकणीस अजून उभं आहे. दर चैत्रात दार उघडतं.