यमुनावहिनी आणि गोठ्याचा सांगावा

वहिनी गेल्याचा निरोप मला अकोल्यात, कचेरीच्या पायऱ्या उतरताना मिळाला. रिसोडकडच्या मोटारीच्या ड्रायव्हरने तो आणला होता. ‘यमुनाबाई तापात गेल्या’, एवढाच. मी गावी पोहोचलो तेव्हा सारे आटोपले होते. माझे थोरले बंधू, आमचे दादा, ओसरीवर बसले होते आणि भेटीला आलेले एक गृहस्थ म्हणत होते, “बाई चांगली व्हती, पन लोकायले भेव लय घाले.” ते वाक्य अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

वहिनींचे माहेर कामरगावचे. त्या लहान असताना तेथे एक म्हैस लाळ गाळू लागली. तिच्या घशात काही अडकले असेल असे समजून त्यांच्या थोरल्या भावाने तोंडात हात घातला. म्हैस मेली, आणि काही आठवड्यांनी त्या भावालाही पाण्याचा घोट गिळवेना; तोही गेला. तेव्हापासून सकाळी उठल्यावर वहिनी आधी गोठा पाहत. कोण रवंथ करते, कोणाचा आवाज बदलला. मी थट्टा केली की म्हणत, “मानूस दुखनं लपवते, भाऊजी. ढोराले लपवता येत नाही.”

एका आषाढात भर दिवसा एक पिसाळलेला कोल्हा शिवारातून झोकांड्या खात गेला. पुढे आमचे शेजारी किसनराव यांची गाय घोगऱ्या आवाजात हंबरत मेली. पान लागले असेल, म्हणजे साप चावला असेल, असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असे आमंत्रण देतात, आणि दुसऱ्या दिवशी धन्याने आपल्या हाताने पुरणपोळीचा घास भरवायचा असतो. आवतन दिलेल्या बैलाने घास नाकारणे हा घराला अपशकुन. त्या पोळ्याला आमच्या ढवळ्याने तोंड फिरवले. लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि हंबरणे घोगरे झाले होते.

“कडब्याचं कांडं अडकलं असन,” किसनराव म्हणाले. दादा आणि ते, दोघांनी बाह्या सारल्या, जबडा फाकवला आणि आळीपाळीने घशापर्यंत हात घातले. वहिनी चुलीपासून धावत आल्या, हाताला पुरण तसेच होते.

“हात काढा पहिले! किसनभाऊजी, तुमची गाय अशीच ओरडे. सांगून गेली ते आपल्याले!”

“मले तं काही बोलली नाही, वहिनी,” किसनराव हसले. “तुमच्याच कानात सांगतलं काय?”

“तुमी आयकता कोनाचं!”

चार दिवसांत ढवळ्या आडवा झाला आणि मेला. दोघांनी अकोल्याच्या दवाखान्यात जाऊन सुया घ्याव्यात, असा वहिनींनी धोशा लावला. दादा चिडले, “कुत्रं चावलं काय मले?” वहिनींनी त्यांचा पंजाच उलटा केला. “अन् बोटाच्या या भेगा? लाळीले आन्खी कोनता दरवाजा पाह्यजे? अकोल्याले जा, नाही तं या घरात चूल पेटत नाही.” दादा गेले. माझ्याकडे राहून, मला आणि वहिनींना बोल लावत त्यांनी रोज पोटात सुई घेतली. किसनराव मात्र शेतातल्या निंदणाची, तण काढण्याची सबब सांगून गावीच राहिले. निघताना मी त्यांना एकदा ‘चला’ म्हणालो. दुसऱ्यांदा आग्रह करणे मला असभ्य वाटले. त्या सभ्यतेचे काय करावे, हे मला या वयातही कळलेले नाही.

दसऱ्यानंतर किसनराव पाण्याचा तांब्या पाहून दचकू लागले. त्यापुढचे मी लिहीत नाही.

माझा खरा संताप आहे तो त्यानंतर जे झाले त्याचा. गाव शहाणे होईल असे मला वाटले होते. गावाने निराळाच अर्थ काढला. दादांना काही होणारच नव्हते, सुया फुकट गेल्या. आणि किसनराव गेले ते आवतन दिलेला बैल उपाशी गेला म्हणून. हात काढा म्हणून ओरडले कोण? यमुनाबाई. वहिनी एकदा मला म्हणाल्या, “वाचला तं काही झालंच नव्हतं, मेला तं माह्या पायी. आता सांगा भाऊजी, मी बोलू तं काय बोलू?” तरी दर पोळ्याला त्या घरोघर जात. “बैल लाळ गाळून राह्यला असन तं तोंडात हात नोका घालू, बापा.” माणसे मान डोलवत आणि त्या वळल्या की हसत. एका वर्षी मीही म्हणालो, “वहिनी, आता पुरे करा.” त्यांनी पुढच्या घराची कडी वाजवली...

यंदाचा पोळा त्यांच्यावाचून झाला. सुतक फिटले होते. दादांची नवी जोडी तुकतुकीत, शांतपणे रवंथ करणारी. मी म्हणालो, “दादा, बैल चांगले आहेत. हाताने भरवा.” दादांनी पोळी सुपात ठेवली आणि सूप बैलापुढे सरकवले.

“मले काही झालं नसतं,” कोणी विचारले नसताना ते म्हणाले. मग दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभे राहिले, आणि बैलाच्या गळ्याखाली घास उतरेपर्यंत तेथून हलले नाहीत.