खिरापत कोणी ओळखलीच नाही

कमलमावशी गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा मी अमरावतीला घरी कणीक मळत होते. रडू नंतर आलं, आधी संतापच आला... तो अजून उतरलेला नाही.

काका गेल्यावर मावशी गप्पच झाली होती. मग एक दवाखाना, एक बँक आणि एका कापूस-जिनिंगवाल्यांचा ट्रस्ट एकत्र आले आणि म्हाताऱ्या बायांसाठी गाण्याचा वर्ग सुरू झाला. हॉल दवाखान्याचा, पेटी-तबला ट्रस्टचा, न्यायला-आणायला ऑटो बँकेचा. काम चांगलंच, नाही कोण म्हणतं? मावशीने लहानपणची भुलाबाईची गाणी सगळ्यांकडून बसवून घेतली. कोजागिरीला कार्यक्रम ठरला. "तू ये, मी खिरापत करून राहिली. ओळखल्याबिगर ती भेटणार नाही," असं मला फोनवर दटावलं. रीतच आहे ती आमच्याकडे. गाणी संपली की झाकलेला डबा वाजवायचा, आत काय ते बाकीच्यांनी ओळखायचं, मगच झाकण काढायचं.

मी गेले. बघते तर काय, आमच्या आज्या पहिल्या रांगेत खुर्च्यांवर, अंगावर शाली, आणि स्टेजवर शाळेतल्या मुली रेकॉर्ड लावून त्यांच्याच गाण्यांवर नाचून राहिल्या. आजींना दगदग नको, असं तिन्हीकडच्या साहेबांनी बैठकीत ठरवलं होतं म्हणे. आजींना विचारावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मावशीने डॉक्टरांना तोंडावर विचारलं, "मले काहून बसवलं जी? गाणे तं आमी बसवले." ते हसून म्हणाले, "आजी, तुम्ही आज पाहुण्या." भाषणं झाली, फोटो झाले. डबा तिच्या मांडीवर तसाच राहिला.

"पाहुणी केलं मले..." ऑटोत एवढंच बोलली. पुन्हा वर्गाला गेली नाही. थंडी सरायच्या आत ती गेली.

परवा त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. शेजारी शेजारी तिघांचे बॅनर. मला दोन शब्द बोलायला लावले. चांगलं बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी मावशीचा डबा भरून नेला होता. तो माइकसमोर वाजवला आणि म्हटलं, "ओळखा." साहेब मंडळी एकमेकांकडे बघत बसली. मागून मात्र वर्गातल्या शांताबाई म्हणाल्या, "फुटाणे हायेत." दुसरी म्हणाली, "रेवड्या." मग एकेक जणी खुर्ची सोडून पुढे आली, कोणाला विचारत न बसता.

डबा धुऊन ओट्यावर ठेवलाय. कोजागिरीला तो शांताबाई वाजवणार आहेत. पहिल्या रांगेत साहेबांसाठी खुर्च्या मांडू, शालीही देऊ. बसा म्हणावं, तुम्हाला दगदग नको.