काकूची गाडी

धानोऱ्याच्या आमच्या खळ्यात ट्रकमधून ती गाडी उतरली, त्या दिवसापासून माझ्या जिवाला थारा नव्हता. आफ्रिकेतून बोटीनं आलेली, पन्नाशी उलटलेली विलायती गाडी. बुडाला गंज, सीटा उंदरांनी कुरतडलेल्या, डाव्या मडगार्डला एक भलामोठा पोचा. ती पाठवली होती काकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावानं. तरुणपणी तिकडे गेले, दुकान टाकलं आणि तिकडचेच झाले. गाडी मात्र काकूची. काका चालवायला कधी शिकलेच नाहीत. काकू चालवायची आणि काका जन्मभर तिच्या शेजारी बसून रस्ता सांगायचे, तोही चुकीचा, असं काकूच हसून सांगायची.

काकू गेल्या वर्षी गेली. संक्रांतीनंतर काका तिच्या अस्थी घेऊन येणार होते. त्या प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापीत सोडायच्या, पण न्यायच्या तिच्याच गाडीतून, एवढंच त्यांचं मागणं होतं. आता नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही आणि असल्या खटाऱ्याला तपासणीत कोण पास करणार? घरात कागद वाचणारा मी एकटा, म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात.

मी मुळातच उतावळा. आरटीओत इतक्या चकरा मारल्या, की मी तिथं नोकरीला लागलोय असं बाहेरचा चहावाला समजायला लागला. कस्टमच्या कागदावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळायला हवा होता आणि गाडीवर नंबर दिसेचना. थोरला भाऊ आणि मी रॉकेल, तारेचा ब्रश घेऊन गाडीखाली पाठीवर पडलो. गंज डोळ्यात जायचा, मी गाडीला शिव्या द्यायचो, दादा मला. शेवटी आकडे उमटले. वर कागद धरून पेन्सिल घासली, तर एक आकडा तीन की आठ, काही कळेना! त्या आकड्यानं माझी झोप उडवली. भिंग आणून पाहिलं तेव्हा तो कागदावरच्यासारखाच आठ निघाला, आणि नंबर जुळला.

साहेब तपासायला आले. जुन्या गाड्यांचा नियम वेगळा. मूळ रूप बदललं तर नोंदणी नाही, असं त्यांनी बजावलं. दादानं लगेच मडगार्डकडे बोट दाखवलं.

"पोचा काढा की," साहेब म्हणाले. "त्याला कोण नाही म्हणतंय?"

काकांचा फोन आला तेव्हा दादाच बोलला. पलीकडून काका म्हणत होते, "गाडी चालाले पाहिजे, बस. बाकी काही करू नका. जशी शे तशी ऱ्हाऊ द्या."

फोन ठेवून दादा हसला. "आसं त सगळाच पाहुना म्हंतस."

खरंच होतं ते. आमच्याकडे पाहुणा "काही करू नका" म्हणाला, की पुरणाला डाळ भिजत पडते. दादानं नंदुरबारहून कारागीर आणला, पोचा ठोकून सपाट केला, तसाच निळा रंग मारला, सीटा नव्या शिवल्या. मी तिकडे मोबाईलवर पोर्टल उघडून बसलेलो. मंजुरी वरच्या समितीकडे अडकलेली, आणि काकांचं तिकीट तर निघालेलं. जेवताना आई म्हणाली, "तो मोबाईलच ताटमा वाढी ले." अखेर काका विमानात बसले त्याच दिवशी नंबर मिळाला. मी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

काका आले. खांद्याला पिशवी, पिशवीत कलश. गाडी खळ्यात हार घालून उभी होती, ऊन पडलं की डोळे दिपावेत अशी. काका तिच्याभोवती फिरले, डाव्या बाजूला थांबले आणि मडगार्डवरून हात फिरवत राहिले.

"आठे पोचा व्हता," ते म्हणाले.

"तो आम्हीन काढी टाका, काका! आते शोधीबी सापडाव नही!" दादा फुशारून म्हणाला.

"तुन्ही काकूनी पाडेल व्हता. गाडी शिकनी तव्हय." मग आमच्या तोंडांकडे पाहून घाईघाईनं म्हणाले, "भारी करी टाकी रे गाडी. उगाच तरास घिना."

दादाचा चेहरा मला पाहवेना. मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

मी स्टिअरिंगवर बसलो. दादानं शेजारचं दार काकांसाठी उघडून धरलं. काकांनी ते हलकेच लोटलं, मागचं दार स्वतः उघडलं आणि कलश मांडीवर घेऊन मागे बसले, भाड्याच्या गाडीत बसतात तसे. प्रकाशापर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामी होती, आणि काकांनी एकदाही रस्ता सांगितला नाही.