आपापला तुकडा कापून न्या

ये गं, अशी जवळ सरक. कागदावरून का होईना, पण जवळ ये, कारण तुला रागवायचं आहे आणि लांबून रागवलं की भांडण वाटतं. तू पाठवलेली पिशवी पोचली. मी मोठ्या आनंदाने उघडली आणि कपाळाला हात लावला. शिंप्याकडची कोरी कातरणं! इस्त्री केलेली, रंगाला रंग लावून ठेवलेली. अगं वेडे, गोधडीसाठी कापड मागितलं म्हणजे अंगावरचं मागितलं. घामाने भिजलेलं, उन्हात विटलेलं, कोपराला फाटलेलं. कोरं कापड देताना कुणाचं काय जातं? काहीच जात नाही. तेच तर तुला सांगायचं आहे. मी अक्षरं शिकले ती तुझ्या बापाच्या पाटीवरून, तो पुसायच्या आत. तेव्हा काना-मात्रा चुकला तर आजीला हसू नकोस, पुढे वाच.

ही गोष्ट तुझा बाप नुकता चालायला लागला होता तेव्हाची. साठ साल अजून उजाडायचं होतं. शहाद्याहून आमच्या गावाला तेव्हा बैलगाडीचीच वाट होती. आमच्या गल्लीत एक रीत होती. कुणाचं घर जळालं, कुणी बाई माहेर नसलेली बाळंत झाली, कुणाचा कर्ता माणूस गेला, की प्रत्येक घराने एक जुनेर द्यायचं. आमचा ओटा लांबरुंद, म्हणून ते सगळं आमच्याकडे यायचं. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, उखळातलं मुसळ, जे हाती लागेल ते वजनाला ठेवायचं आणि कडेकडेने टाके घालत आत आत यायचं. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उघडी राहते. तिला आम्ही गोधडीचं पोट म्हणायचो. त्या पोटात आपल्या ताटातल्या भाकरीचा घास ठेवायचा आणि मग शिवून टाकायचं. उपाशी गोधडीत ऊब राहत नाही, असं सगळ्या म्हणायच्या. कोणी विचारलं नाही का म्हणून. मीही नाही.

त्या हिवाळ्यात कापूस वेचायला धडगावकडून डोंगरातली माणसं आली. त्यांच्यात एक बाई होती, माझ्याहून थोडी मोठी. गळ्यात चांदीची जाड हासळी, तोंडात फार शब्द नाहीत, आणि हात असा चालायचा की बोंडाला कळायचं नाही आपण कधी मोकळे झालो ते. आठ-दहा दिवस गेले असतील. मग तिच्याच टोळीतल्या कुणीतरी बातमी फोडली की तिच्या गावाने तिला डाकीण ठरवून हाकललं आहे. नवरा मेला, दिराचं मूल गेलं, आणि बोट हिच्याकडे वळलं. तिच्या नावावर नवऱ्याचा जमिनीचा तुकडा होता, तो आता दिराकडे आहे, हेही त्याच तोंडाने सांगितलं. ते मात्र कुणी कानावर घेतलं नाही.

टोळी दुसऱ्याच्या शेतात निघून गेली. ती एकटी आमच्या बांधावरच्या झोपड्यात राहिली. जाणार कुठे? वर घाटात तिच्याच गावाने जीव घेतला असता. तुझ्या आजोबांनी तिला कामावर ठेवलं, कारण कापूस उभा होता आणि त्यांना दुसरं काही सुचत नसे. मी न्याहारी घेऊन गेले तर ही बाई कापसाचं रिकामं बारदान अंगावर घेऊन बसलेली. पौषातली थंडी. ओठ जांभळे. बारदानाच्या भोकांतून वारा जात होता ते मला दिसत होतं.

मी घरी येऊन ओट्यावर झाडू मारला आणि मोठ्याने सांगितलं, "उद्यापासून गोधडी घालायची आहे. जुनेर आणा."

"कोणाले?" समोरच्या घरातून पाटलीणबाईंनी विचारलं. या आमच्या गावच्या पाटलांच्या बायको, आवाज असा की बैल थांबावा.

मी सांगितलं कोणाला.

"काय व बाई, तुले येड लागनं का? तिले चिंधी देसू अन् तिनी काही करी टाकं तं? मन्हा घरमा लहान लेकरू शे."

अंगावरचं कापड डाकिणीच्या हाती लागलं की तिला त्या माणसावर करणी करता येते, असं तेव्हा लहानथोर सगळे मानत.

"अन् बोहारीणले देस, तवय काही व्हत नई का?" मी म्हटलं. "ती तं गावोगाव फिरस. कोन्हा हातमा चिंधी जास, माहीत शे का तुम्हले?"

"ती तं भांडं देस!" पाटलीणबाई म्हणाल्या.

भांडं मिळालं की करणी होत नाही! मी हसले, आणि हसले म्हणून गल्ली आणखी चिडली. एकही दार उघडलं नाही.

मग मलाही जिद्द चढली. मी माझं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, जे विटून पोपटी झालं होतं, आणि ते वरच्या अंगाला घेतलं. तरी मनाचं समाधान होईना. मग तुझ्या बापाचं अंगडं घेतलं, लाल ठिपक्यांचं, त्याला आखूड झालेलं, आणि ते बरोबर वर, मधोमध लावलं. सगळ्या गल्लीला दिसेल असं.

सासूबाई आतून आल्या. तुझी पणजी. बारीक चणीची, पण तिच्यापुढे आजोबाही मान वर करत नसत.

"पोऱ्यानं अंगडं काढ."

"नई आत्याबाई."

"आत्ते काढ. तुले डोकं शे का नई? आपला हातवरी आपला लेकरूले..." पुढचं तिला बोलवेना. ती आत गेली आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मी टाके घालत राहिले. आत ती माझ्या टाक्याटाक्याला भांडी आपटत होती.

आणि मग गंमत बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्याखाली एक चोळीची बाही सापडली. कुणी ठेवली, माहीत नाही. संध्याकाळी भिंतीवरून एक जुनं धोतर आत पडलं, जणू वाऱ्याने आलं. एक बाई दळण घेऊन आली आणि पिठाच्या डब्यावर झाकलेलं फडकं विसरून गेली. स्वतः पाटलीणबाई ताक मागायला आल्या. जाताना वाटीखाली एक घडी ठेवली, पटक्याची, तांबड्या काठाची. "वाटी पुसाले आनी व्हती. ऱ्हाऊ दे तुन्हाकडेच," असं म्हणाल्या आणि बाहेर जाऊन गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला चार शिव्या हासडल्या. सगळ्या देत होत्या आणि सगळ्या सासवांना, नवऱ्यांना चोरून देत होत्या. गोधडी रुंद झाली. मी पोटात माझ्या ताटातला ज्वारीचा घास ठेवला आणि शिवून बंद केलं.

शेतात नेऊन दिली तेव्हा तिने ती उलगडली नाही. आधी बोटांनी चाचपली. मग अंगड्यावर हात थांबला. तिने तिच्या पावरी बोलीत काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, तर तिने हाताने मुलाची उंची दाखवली. मी मान हलवली, हो, माझ्याच मुलाचं. तिने हात असा मागे घेतला जणू विस्तवाला लागला. "काढ," ती मोडक्यातोडक्या आमच्या बोलीत म्हणाली. "पोर खोकलं तरी मला मारतील. काढ." मी करणीला भीत नव्हते, म्हणून मला वाटलं होतं की मी धीट आहे. पण जीव कुणाचा जाणार होता? तिचा. ते मला तिने सांगेपर्यंत सुचलं नव्हतं. तरी मी काढलं नाही. उद्या काढू म्हटलं. हट्ट गं, दुसरं काय.

आणि तुझ्या बापाला ताप आला. खोकला, छातीत घरघर, डोळे उघडेना. आजोबांनी पहाटे गाडी जुंपली आणि शहाद्याला औषध आणायला गेले. ऊन अंगणात यायच्या आत बातमी गावभर झाली. कुणी माझ्या दारात विचारायला आलं नाही. माणसं सरळ शेतात गेली आणि तिला घेऊन आली. पुढे ती, दोन्ही बाजूंना गडी, आणि मागे एकाने काठीच्या टोकावर माझी गोधडी धरलेली, मेलेला साप धरतात तशी. त्यांनी ती ओट्यावर टाकली. बाई अंगणात उभी राहिली. रडत नव्हती. मला ते आजही सहन होत नाही, की ती रडत नव्हती. तिला पुढचं सगळं पाठ होतं.

पाटील म्हणाले, ज्याच्या घराचं कापड यात आहे ते कापून काढायचं, जाळायचं, आणि हिला गावाबाहेर घालवायचं. घालवायचं म्हणजे काय ते मागे उभ्या असलेल्यांच्या हातांतल्या काठ्या सांगत होत्या.

मी तुझ्या बापाला मांडीवर घेऊन बसले होते. मी कात्री गोधडीवर टाकली.

"कापा. पण पराया तुकडाले हात लावू नका. ज्याना त्यानी ओळखा, अन् सांगा हाऊ मन्हा शे म्हनीसन."

कुणी पुढे येईना. बायका दारांच्या आड. कुठल्या तोंडाने सांगणार? पाटील वाकले, आणि त्यांची नजर तांबड्या काठावर थांबली.

"हाऊ कोन्हा पटका शे?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "पाटील, तुम्हनाच दिसस तो."

कुणीतरी फस्सकन हसलं. पाटील हळूच समोरच्या दाराकडे बघत राहिले. दार हळूच लागलं. मग एकाने धोतर ओळखलं, आणि ओळखून मान फिरवली. मी तोंडाकडे बघत होते एकेकाच्या. प्रत्येकाला आपल्या घराचं काहीतरी दिसत होतं आणि कात्री कुणीच उचलत नव्हतं. तुकडा आपला म्हणायचा, तर डाकिणीला कापड आपल्याच घराने दिलं हे कबूल करायचं.

"मंग पोऱ्यानं अंगडं तरी काप," पाटील मला म्हणाले. "ते तुन्हं शे ना?"

ते माझंच होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मला कापायचं नव्हतं, आणि माझं पोर माझ्या मांडीवर भट्टीसारखं तापलं होतं. मी तुला खोटं नाही सांगत, कात्रीकडे माझा हात गेला. मग ती बाई दिसली. तिनेही कात्रीकडेच बघितलं आणि मान खाली घातली, जणू म्हणत होती, घे, काप, मला ठाऊकच होतं.

मी कात्री बाजूला सारली. गोधडी ओढली आणि तिच्यात माझं पोर गुंडाळलं. डोक्यापासून पायापर्यंत. त्याच गोधडीत, जी ती रोज पांघरून झोपत होती.

सासूबाई आतून आल्या. मला वाटलं, आता ही हिसकावणार. ती माझ्याजवळ बसली, पोराचा एक पाय उघडा राहिला होता तो तिने आत सरकवला आणि पाटलांना म्हणाली, "शिवन मन्हा ओटावर झाई. उसवानी व्हई तं मी उसवसू. गावनी कात्री मन्हा घरमा नको." मग मला, दात खाऊन, हळूच, "तू एक दिन मरशी बहू, अन् माले बी मारशी."

माणसं पांगली. एकदम नाही, कुरकुरत, पण पांगली. त्या बाईला सासूबाईंनी गोठ्याशी बसवलं आणि भाकर दिली. तोंड वाकडं करून दिली, पण हातात दिली, वरून टाकली नाही.

दुपारी औषध आलं. ताप उतरला. आता नीट ऐक, कारण ही गोष्ट सांगितली की लोक इथेच चुकतात. म्हणतात, बघा, पोर वाचलं, म्हणजे ती डाकीण नव्हती! मी त्यांना म्हणते, आणि पोर गेलं असतं तर ती डाकीण ठरली असती का? पोर माझं होतं, मीच सांगते. गेलं असतं तरी ती नव्हती. तापाला विचारून माणूस ठरवायचं नसतं. हे मी तेव्हा बोलले नाही, मला शब्द नव्हते. आता आहेत, आणि आता कुणी मला गप्प बसवून दाखवावं.

ती त्यानंतर बरेच हंगाम आमच्याकडे आली. पुढच्या वर्षी आली तेव्हा तिने कमरेची गाठ सोडली आणि एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. तिच्या अंगावरच्या वस्त्राचा, काळा, लाल पट्ट्याचा, जुना. आमची रीत तिला कोणी सांगितली नव्हती. सासूबाईंनी तो उचलला, उजेडात धरून बघितला, आणि म्हणाल्या, "मऊ शे." घरच्या गोधडीत लावला. तू लहान असताना जो काळा तुकडा गालाला लावल्याशिवाय झोपत नव्हतीस, तो तोच.

आता माझ्या ओट्यावर पुन्हा एक गोधडी पसरली आहे. आपल्याच गल्लीतल्या एका पोरीसाठी. तिच्याबद्दल लोक काय बोलतात ते इथे आलीस की चार घरांतून ऐकशीलच, मी कशाला सांगू? ऐक, आणि मग तुकडा द्यायचा की नाही ते तुझं तू ठरव. पिशवी पोस्टाने पाठवू नकोस. तुझा तो निळा, बाहीला फाटलेला कुडता अंगात घालून ये आणि इथे आत जाऊन बदल, मग सगळ्यांच्या देखत माझ्या हातात दे. सणाची वाट बघू नकोस. पोट अजून उघडं ठेवलं आहे, आणि माझी नजर रोज थोडी कमी होते आहे. या आठवड्यातच ये.