गौरांगगुरुजींचे थकलेले रिटर्न

अमरावतीत अंबागेटच्या आतबाहेर गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांतली निम्मी तरी गौरांग पाठक यांनी लावली आहेत. स्वतः गौरांगगुरुजी छत्तिशीला आले तरी बिनलग्नाचे होते. यात पत्रिकेचा काही दोष नव्हता. पत्रिका चांगली, नाक-डोळे चांगले, स्वभाव तर इतका गरीब की मांडवात सनईवाल्यालाही 'अहो-जाहो' करणार. स्थळं येत, चौकशा होत, आणि 'मुलगा करतो काय' या प्रश्नाशी येऊन गाडी अडे. भिक्षुकी फार पवित्र काम आहे, असं मुलीचे वडील हात जोडून सांगत आणि मुलगी हिंजवडीच्या कंपनीतल्या मुलाला देत. वर त्या लग्नाला गुरुजी म्हणून यांनाच बोलावत. गुरुजी जात. मुहूर्ताच्या कामात रुसून कसं चालेल?

घरात ते, आई कुंदाताई आणि नारळ. वडील नारायणगुरुजी गेल्याला बरीच वर्षं झाली होती, पण त्यांनी लावून दिलेली एक रीत घरात अजून चालू होती. दक्षिणेचं पाकीट यजमानासमोर उघडायचं नाही, वाटेत उघडायचं नाही, घरी आल्यावरही उघडायचं नाही. देवापुढे ठेवायचं आणि हातपाय धुवायला जायचं. पुढचं सगळं घरातल्या बाईनं पाहायचं. कोणी किती दिलं हे एकदा कळलं की पुढच्या पूजेला त्या घरात मंत्र आखूड होतात, असं नारायणगुरुजींचं म्हणणं होतं. हल्ली यजमान मोबाइलवरून पैसे टाकायला लागले, तेव्हा गौरांगगुरुजींनी बँकेचे मेसेज बंद करून टाकले आणि पासबुक आईकडे दिलं. थोडक्यात, आपण कमावतो किती, हे जगात एकाच माणसाला ठाऊक नव्हतं आणि तो माणूस म्हणजे स्वतः गुरुजी.

अशात अकोल्याचं स्थळ आलं. जठारपेठेतले केशवराव देशपांडे, सहकारी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी चारुता शाळेत गणित शिकवायची. तिचंही वय लोकांच्या हिशेबानं उलटून गेलेलं. शेव-चिवडा झाला, दोघांना गॅलरीत बोलायला सोडलं. भिक्षुकी पुढे करणार की सोडणार, हे विचारतील म्हणून गुरुजी उत्तर घोटून आले होते. चारुतानं ते विचारलंच नाही. तुम्ही दुपारी यजमानाकडे जेवता तेव्हा घरी आईबरोबर कोण जेवतं, एवढंच तिनं विचारलं. कोणी नाही, असं गुरुजींनी सांगितलं. हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. गुरुजींना ती मुलगी फार आवडली. कोणाला बोलले नाहीत, पण परतताना मूर्तिजापूर गेलं तरी एसटीचं तिकीट त्यांच्या हातातच होतं.

केशवरावांनाही मुलगा आवडला होता. फक्त त्यांची एक अट होती, आणि ती त्यांनी निघतानाच सांगितली होती.

"गुरुजी, मी जन्मभर तीन वर्षांचे रिटर्न पाहिल्याशिवाय कोणाला स्कूटरही घेऊ दिली नाही," ते म्हणाले. "ही तर मुलगी आहे."

गुरुजींनी मान डोलावून 'आणतो' म्हणून सांगितलं. आपण आयुष्यात एकही रिटर्न भरलेला नाही, हे त्यांना बडनेऱ्याच्या पुढे आठवलं.

राजापेठेत अंकुर नावाचा तरुण करसल्लागार बसतो. चांदूर बाजारकडच्या शेतकरी घरातला, हुशार पोरगा. तो वकील नाही, पण लोक त्याला वकीलसाहेब म्हणतात आणि तो आता दुरुस्त करत नाही. त्याच्या ऑफिसची वास्तुशांत गुरुजींनीच केली होती. त्यामुळे त्यानं गुरुजींना आतल्या खुर्चीत बसवलं, चहा सांगितला आणि वर्षाचं उत्पन्न विचारलं. गुरुजी म्हणाले, ते मला माहीत नाही. वास्तुशांतीला मी काय दिलं होतं, तेही नाही का, असं अंकुरनं जपून विचारलं. तेही नाही, म्हणाले. अंकुरला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं.

मग कुंदाताईंना फोन लागला. त्यांचं उत्तर तयार होतं. म्हणे, पुरतं. पुरतं म्हणजे किती, असं अंकुरनं खोदून विचारलं, तर म्हणे, महिनाअखेर उरत नाही तितकं. शेवटी घरभाडं, किराणा, सिलिंडर, औषधं आणि पासबुक यांवरून अंकुरनं उलटा हिशेब मांडला. शिधा आणि उपरणी यांपाशी तो थोडा थबकला. नारळ त्यानं सोडूनच दिले.

आकडा निघाला तेव्हा अंकुरनं पेन खाली ठेवलं. यंदाचा रिटर्न भरता येईल, तो म्हणाला, अडचण मागच्या दोन वर्षांची आहे.

"ज्याले काही भरायचं निघत नाही, त्याचा मागच्या सालचा रिटर्न आता घेत नाहीत, गुरुजी. तुमचं उत्पन्न कराच्या खाली येऊन राहिलं."

"मंग?"

"मंग काय. तवा थोडं जास्त कमावलं असतं तर काम झालं असतं."

"आता कमावता येते का?"

"कागदावर येते."

गुरुजी विचारात पडले. मंगलाष्टकांत आजवर कितीतरी नवरदेवांना त्यांनी साक्षात रामाच्या पंक्तीला बसवलं होतं, आणि त्यांतले काहीजण त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. पण ते गाणं होतं. खाली सही करावी लागत नसे. मन काही केल्या कबूल होईना. पण दुसरीकडे चारुता होती, आणि आता रोज दुपारी यजमानाच्या पानावर बसलं की घरी एकटी जेवणारी आई गुरुजींच्या डोळ्यांपुढे येत होती. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. मागची दोन वर्षं अंकुर म्हणेल तेवढी वाढवायची, यंदाचं मात्र जसंच्या तसं लिहायचं. सरकार जिथं खोटं मागत नाही तिथं आपण होऊन कशाला बोलायचं? अंकुरलाही हे पटलं. साइट फार अडते, म्हणून दिवस तुम्हीच काढून द्या, असं त्यानं वर सुचवलं. गुरुजींनी पंचांग पाहून गुरुवारची सकाळ दिली. त्या दिवशी साइट एकदाही अडली नाही आणि चहा निवायच्या आत तिन्ही रिटर्न सरकारदरबारी पोचले. अंकुरनं खुर्चीवरून उठून गुरुजींना नमस्कार केला.

कर, दंड आणि व्याज कुंदाताईंनी डब्यातून काढून दिलं. न मिळालेल्या दक्षिणेवरचा कर मिळालेल्या दक्षिणेतून भरला गेला. त्या महिन्यात दूध अर्ध्यावर आलं आणि कुंदाताईंना चहा मानवेनासा झाला.

पुढच्या रविवारी मायलेक अकोल्याला गेले. केशवरावांनी कागद घेतले, चष्मा लावला, पेन्सिल काढली आणि टेबलाशी बसले. निवृत्तीनंतर असं काम त्यांच्याकडे बऱ्याच दिवसांनी आलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आधी त्यांनी तारखा पाहिल्या. तिन्ही वर्षं एकाच सकाळी कशी भरली, असं त्यांनी विचारलं. त्या दिवशी मुहूर्त चांगला होता, असं गुरुजींनी खरं ते सांगितलं. केशवरावांनी जन्मभर कर्जदारांची कारणं ऐकली होती. हे त्यांतलं बरं होतं. उशिरा का होईना भरले ना, म्हणाले, आणि पुढे वाचू लागले. कुंदाताईंनी सुस्कारा सोडला. चारुता दारात उभी होती, तीही जरा चौकटीला टेकली.

मग पेन्सिल थांबली. एकदा मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"आधीची दोन वर्षं तुमचं चांगलं चाललं होतं," केशवराव म्हणाले. "यंदा एकदम अर्ध्यावर. धंदा बसून राहिला तुमचा."

गुरुजींच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. अंकुरच्याही नाही. दोघांनी तिन्ही कागद वेगवेगळे पाहिले होते, एकाशेजारी एक कधी ठेवलेच नव्हते. केशवराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी हे अगदी मायेनं समजावून सांगितलं. कमी उत्पन्नाच्या माणसाला मी कर्ज दिलं आहे, म्हणाले, तो पोटाला चिमटा घेऊन फेडतो. पण घसरत्या उत्पन्नाच्या माणसाला कधीच नाही, कारण बुडालेली सगळी कर्जं अशीच सुरू होतात. त्यांनी तिन्ही कागदांच्या कडा जुळवल्या आणि ते गुरुजींकडे सरकवले. या घरात नकार असा द्यायचा असतो, हे कोणी सांगायची गरज नव्हती. कुंदाताई पिशवी शोधू लागल्या.

"कशानं कमी झालं?" चारुतानं विचारलं.

सांगायला गुरुजींकडे पुष्कळ होतं. आता लोक मोबाइल लावून पूजा करतात, पाठशाळेतून नवी पोरं आली आहेत, दोन मोठे यजमान नागपूरला गेले. यातलं एकही खोटं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, चारुताकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

"कमी नाही झालं," ते म्हणाले. "तेव्हाही एवढंच होतं. मागचे दोन मी वाढवून भरले."

"वाढवून?" केशवरावांनी चष्मा वर केला.

"काही देणं निघाल्याशिवाय मागचे घेत नाहीत म्हणाले. माझं देणं निघत नव्हतं. आणि तुम्ही तीन मागितले होते."

केशवरावांनी कागद पुन्हा ओढून घेतले आणि भरलेला कर किती, ते पाहिलं. सरकारला कमी सांगणारे आणि बँकेला जास्त सांगणारे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. पदरचे पैसे घालून सरकारला जास्त सांगणारा माणूस कोणत्या रकान्यात घालायचा, हे त्यांना समजेना. मग ते म्हणाले की खोटं ते खोटंच, आणि खरं मानलं तर ते हे एवढंसंच, मग एवढ्यात घर कसं चालणार? गुरुजींना फार लाज वाटत होती. पण त्याहून जास्त, आता अकोल्याला पुन्हा यायचं काही कारण उरणार नाही, याचं दुःख होत होतं.

चारुता दारातून आत आली.

"बाबा, माझे रिटर्न दरसाल तुम्हीच भरून राहिले," ती म्हणाली. "घर चालते की नाही, हे यांना काहून विचारता? माझा पगार तुम्हाला माहीत आहे. आतापर्यंत जे आले ते सगळे वाढवूनच सांगून गेले. विचारल्यावर खरं कोणी सांगितलं?"

केशवरावांनी मुलीकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, तिन्ही कागद एका टाचणीत लावले आणि गुरुजींना परत न देता टेबलाच्या खणात ठेवले.

"मागचे दोन आता दुरुस्त व्हायचे नाहीत, गौरांगराव," ते म्हणाले. "पुढच्या सालचे कागद जुलैच्या आत आणून द्या. दोघांचे मीच भरत जाईन."

गौरांगराव असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणजे लग्न ठरलं का, असं कुंदाताईंनी चारुताला हळूच विचारलं.

ते केशवरावांना ऐकू गेलं. "आणखी कसं सांगायचं असते?" ते म्हणाले.